कुसुमआत्याचे अकरा सेकंद

“कुसुमआत्या गेली,” झुबेर म्हणाला.

माझ्या कडेवर आठ महिन्यांची रेवा होती, खांद्यावर तिची पिशवी, हातात तिचं पांघरूण, म्हणून मी खाली बसले नाही. नाहीतर जिन्यातच बसले असते.

“कधी?”

“गेल्या महिन्यात. परिमल म्हणाला, तिला कळवू नको. बाळंतिणीला कशाला त्रास.”

“आणि तिच्या जागी कोण आलं?”

झुबेरनं जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघितलं. “रॉकी.”

कुसुमआत्या माझी आत्या नव्हती. कोणाचीच नव्हती. मी तिला लिहिली होती, झुबेरनं काढली होती. वय त्रेसष्ट, गुडघे दुखरे, जीभ शाबूत. भाच्याच्या लग्नाला साताऱ्याहून आलेली. कार्यालयाच्या दाराशी काढलेली तिची नवीकोरी चप्पल गायब होते, आणि वऱ्हाडाची बस पाच वाजता सुटणार असते. एवढाच आमचा गेम. खेळणाऱ्यानं आत्या व्हायचं आणि पाचच्या आत चप्पल शोधायची. ज्याला विचारावं तो आधी आत्याला एक काम सांगतो, कारण लग्नात मोकळी बाई दिसली की तिच्या हातात कोणीतरी काहीतरी देतंच.

आत्याचा आवाजही माझाच होता. खरी नटी मिळेपर्यंत तात्पुरता. तेव्हा मला नववा महिना होता, दोन वाक्यांत धाप लागायची. आमचा स्टुडिओ म्हणजे कर्वेनगरातला पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट, आणि खाली डॉक्टर पेंढारकरांचा दातांचा दवाखाना. त्यांचं ड्रिल थांबलं की मी एक ओळ बोलायची, ड्रिल सुरू झालं की पाणी प्यायची. असं करून अडीचशे ओळी झाल्या. झुबेर कानाला हेडफोन लावून म्हणाला होता, “ही धाप कुठली नटी देणार मला? राहू दे हाच आवाज.”

“रॉकी काय करतो?” मी विचारलं.

“पळतो.”

“कशाला?”

“ते अजून ठरलं नाही.”

माझी रजा संपायला चार दिवस होते. आदल्या संध्याकाळी झुबेरचा मेसेज आला होता, “उद्या साडेबाराला ये. काही विचारू नको.” सासूबाईंना नेमकं त्याच दिवशी डोळे तपासायला जायचं होतं, नवरा नाशिकला, म्हणून रेवा बरोबर. रेवाला घराबाहेर काढायचं म्हणजे मला आठवडाभर आधी धडकी भरायची. ती जन्मल्यापासून मला एक सवय लागली होती. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचं. श्वास लागला की सुटका. दहा मिनिटांनी परत. सासूबाई म्हणायच्या, “अगं, दमून झोपलंय ते लेकरू. हललं नाही की तुला आपलं संपलंच वाटतं.”

दाराबाहेरच्या रॅकमध्ये आमच्या चपलांच्या रांगेत एक काळा चकचकीत बुटांचा जोड होता. घर असल्यामुळे आमच्याकडे सगळ्यांनाच पादत्राणं बाहेर काढावी लागत.

“राजाध्यक्षांचे,” झुबेर कुजबुजला. “मुंबईचे. गेम तेच बाजारात आणणार. आज हो म्हणायचंय त्यांना.”

“कशाला हो म्हणायचंय?”

“रॉकीला,” तो म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

आत परिमल आणि हेमांग राजाध्यक्ष मोठ्या टेबलापाशी बसले होते. परिमलनं हा स्टुडिओ काढला तेव्हापासून मी आणि झुबेर त्याच्याबरोबर. माणूस वाईट नाही. वाईट बातमी मात्र त्याला स्वतःच्या तोंडानं देता येत नाही.

“अरे वा! रेवाबाई आल्या!” तो उठला. “शाल्मली, तू कशाला धडपडत आलीस? मी फोन करणारच होतो.”

“आत्या गेल्याचा?”

परिमलनं झुबेरकडे बघितलं. झुबेरनं रेवाकडे.

राजाध्यक्ष पंचेचाळिशीचे असतील. पांढरा शर्ट, चष्मा, पायात करडे मोजे. ते उठून उभे राहिले, अगदी नम्रपणे. “तुम्हीच लेखिका ना? बसा ना. संवाद छान आहेत हं तुमचे. माझ्या आईला आवडले असते.”

मी बसले. हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आले आहे. आईला आवडेल, मावशीला आवडेल. बोलणाऱ्याला आवडलं का, ते कोणी सांगत नाही.

“मग अडचण काय आहे?” मी विचारलं.

“अडचण मी नाही सांगत. आकडे सांगतात.” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर सहा रेघा होत्या, एकाखाली एक. गेम खेळताना माणूस जे जे बटण दाबतो त्याची नोंद होते. दाबलं की रेघ वर उडी मारते, नाही दाबलं तर सपाट राहते. सहा मुलांनी गेम खेळला होता, सगळी इंजिनिअरिंगची. सहाही रेघा पाच ठिकाणी सपाट झाल्या होत्या. सहांच्या सहा, त्याच पाच ठिकाणी.

“इथे बघा,” राजाध्यक्षांनी पेनानं दाखवलं. “तुमची आत्या मुलीच्या बापाशी बोलते ती जागा. सरासरी अकरा सेकंद कोणी काहीही करत नाही. अकरा सेकंद! आजकालच्या मुलाला एवढ्या वेळात तीन गेम बदलता येतात. आता हा रॉकीचा ग्राफ.”

रॉकीची रेघ करवतीसारखी होती. एक क्षण सपाट नाही.

“बोटं चालू आहेत, म्हणजे माणूस जागा आहे,” ते म्हणाले. “साधी गोष्ट आहे.”

“ती मुलं तेव्हा काय करत होती?”

“काही नाही. तेच तर म्हणतोय.”

“काही नाही म्हणजे काय? झोपली होती? जांभया देत होती? चेहरे कसे होते?”

परिमल घसा साफ करत म्हणाला, “चेहरे नाही बघता आले. आपण त्यांना होस्टेलवर गेम पाठवला. ती तिकडे खेळली, नोंद इकडे आली.”

“म्हणजे कोणी बघितलंच नाही?”

“शाल्मली, सहा जण आहेत. पाच जागा आहेत. हा काही योगायोग नाही.”

“तेच म्हणतेय मी. योगायोग नाही. मग आहे काय?”

रेवानं टेबलावरचं पेन तोंडात घातलं. मी ते काढून पुसून राजाध्यक्षांना दिलं. त्यांनी ते खिशात न ठेवता टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “आम्ही तुम्हाला काढत नाही आहोत. रॉकीला पण दोनचार ओळी लागतीलच. उडी मारली की ‘याहू’, पडला की ‘आई गं’. त्या तुम्हीच लिहा. तुमचं नाव राहील.”

ते हे खरोखर चांगुलपणानं बोलत होते. मला रडू येईल असं वाटलं, आणि तसं झालं असतं तर सगळे म्हणाले असते, बाळंतपणानंतर होतं असं. म्हणून मी रडले नाही. मी म्हटलं, “आत्ता, इथे, आपल्या डोळ्यांसमोर कोणालातरी खेळायला बसवू. तुम्ही बघा. त्यानंतरही तुम्हाला रॉकीच हवा असेल तर ‘आई गं’ लिहायला दुसरं कोणी शोधा. मी नाही लिहिणार.”

“शाल्मली,” परिमल म्हणाला.

“आत्ता कोण मिळणार?” राजाध्यक्षांनी घड्याळ बघितलं. “मला दोनला निघायचंय.”

मी रेवाला झुबेरकडे दिलं आणि खाली दवाखान्यात गेले.

दवाखान्यात एकच पेशंट होती. खाकी वर्दीतली हवालदार बाई, पस्तिशीची, धिप्पाड, टोपी मांडीवर, एक हात गालावर. काउंटरवरची अश्विनी मला ओळखायची.

“इंजेक्शन दिलंय यांना. भूल चढायची आहे,” ती म्हणाली. “आणि आतल्या खुर्चीत एक आजोबा आहेत, अर्धा तास तरी उठत नाहीत.”

मी हवालदार बाईंना विचारलं, “तुम्ही गेम खेळता का?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठलातरी गुन्हा कबूल केला होता. मग अर्ध्या तोंडानं म्हणाल्या, “फोनवर. गोट्यांचा. साडेतीनशे लेव्हल झाल्यात.”

त्यांचं नाव रंजना साबळे. वर येताना जिन्यात त्यांनी मला बजावलं, “डॉक्टरांनी सांगितलंय, बोलायचं नाय, हसायचं नाय. गाल चावला जातो, कळत नाय.”

परिमलनं मला स्वयंपाकघरात ओढलं. “तू विनोदी गेमच्या टेस्टला असं माणूस आणलंस की ज्याला हसायची बंदी आहे?”

“बोलायची बंदी मला आहेच. जोडी जमेल.”

ही बंदी खरी होती. टेस्टच्या खोलीत भिंतीवर परिमलनंच मार्करनं लिहून लावलेला कागद होता : ‘ज्यानं गेम बनवला त्यानं तोंड उघडायचं नाही.’ खेळणारा अडला, चुकला, चिडला, तरी आपण गप्प बसायचं. गेमबरोबर आपण काही घरोघरी जाणार नसतो. पहिल्या वर्षी मी हा नियम इतक्यांदा मोडला की परिमलनं माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावायची धमकी दिली होती. मग मी गप्प राहून चेहरे बघायला शिकले. रेवा झाल्यावर तर दुसरं शिक्षणच नव्हतं. जिला बोलता येत नाही तिचं पोट दुखतंय की कान, हे चेहऱ्यावरूनच काढायचं असतं.

साबळेबाई खुर्चीत बसल्या. हातात कंट्रोलर. मागच्या कोचावर परिमल आणि राजाध्यक्ष, राजाध्यक्षांच्या मांडीवर लॅपटॉप, त्यावर रेघ तिथल्या तिथे उमटत होती. मी कोपऱ्यात स्टुलावर, जिथून बाईंचा चेहरा दिसत होता. झुबेरनं गेम लावला, पुढे रेघेची नोंद आमच्या मशीनवर आपोआप होत राहणार होती. मग तो रेवाला घेऊन शेजारच्या खोलीत गेला.

कार्यालयाचं दार. चपलांचा ढीग. आत्या.

“बाई गं,” माझाच धापावलेला आवाज आला, “नवी होती गं.”

साबळेबाईंनी ढिगातली एक एक चप्पल उचलून बघायला सुरुवात केली. आत्या म्हणत गेली, “ही नाही. ही पण नाही. ही माझी नाही, पण मला होईल.” इथे खेळणाऱ्याला दुसऱ्याची चप्पल घालून सरळ बसमध्ये बसता येतं. नोंदीप्रमाणे होस्टेलच्या सहापैकी चौघांनी आधी तेच केलं होतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून खेळले होते. साबळेबाईंनी ती खाली ठेवली आणि मागे वळून, जड जिभेनं, आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, “ही चोरी आहे.”

“दोन मिनिटं झाली,” राजाध्यक्ष हळूच म्हणाले.

आत्या आचाऱ्याकडे गेली. चप्पल पाहिलीत का? आचारी म्हणाला, आधी हा मठ्ठा चाखा, मीठ बरोबर आहे का सांगा.

आत्यानं चाखला. “मीठ बरोबर आहे,” ती म्हणाली. “मठ्ठा कमी आहे.”

बाईंची बोटं थांबली. चेहरा दगड. डावीकडचा ओठ भुलीनं लोंबलेला, उजवीकडचा घट्ट मिटलेला. लॅपटॉपवर रेघ सपाट झाली. राजाध्यक्षांनी परिमलला कोपरानं खुणावलं.

मी खाली बघितलं. बाईंचे बूट बाहेर होते, पायात खाकी मोजे. उजव्या मोज्यातला अंगठा वर उचलला गेला होता आणि थरथरत होता.

मला ओरडून सांगायचं होतं, त्यांच्या पायाकडे बघा! मी ओठ दातांत धरले. तेवढ्यात शेजारच्या खोलीत रेवा रडायला लागली.

आधी कुरकूर. मग झुबेरचं गाणं. मग गाण्याच्या वरचा सूर. का रडत होती ते मला लगेच कळलं. तिला भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता आणि आई दिसत नव्हती. आत्या बोलायची थांबली की ती थांबायची, आत्या बोलली की पुन्हा.

साबळेबाई पुढे सरकल्या होत्या. आत्याला फोटोग्राफर म्हणाला, “आत्या, हसा.” आत्या म्हणाली, “चप्पल मिळाल्यावर.” आता पुढे मांडव, आणि मांडवात मुलीचा बाप. अकरा सेकंदांची जागा. तिथे मी खोलीत नसले तर बघणार कोण? परिमल रेघ बघत होता. राजाध्यक्ष रेघ बघत होते. मी एकटी माणूस बघत होते.

रेवाचा आवाज फाटला. खोकला आला. मी उभी राहिले.

“जा ना तुम्ही,” राजाध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले. “आम्ही आहोत. मुलं लहान असली की असंच होतं. माझी बायको पण शेवटी घरीच राहिली.”

मला बोलायचं नव्हतं. नियम म्हणजे नियम. मी दाराकडे जाताना वाकले आणि त्यांच्या मांडीवरच्या लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. टक्कन आवाज झाला. ते माझ्याकडे बघत राहिले, चष्म्याच्या वरून. मी एका बोटानं त्यांना साबळेबाई दाखवल्या. मग दुसऱ्या हातानं परिमललाही. आणि बाहेर गेले.

परिमलचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही सांगता येत नाही, कारण मी मागे वळून बघितलंच नाही. रेवाचे बाबा नंतर म्हणाले, “समजा, त्यांनी झाकण परत उघडलं असतं तर?” उघडलं असतं तर उघडलं असतं. त्या आधी आठ महिने मला दर दहा मिनिटांनी काहीतरी वाईट होईल असं वाटत होतं. त्या क्षणी नाही वाटलं.

झुबेरनं रेवाला माझ्याकडे दिलं. तिचं तोंड लालभडक, झुबेरचा शर्ट खांद्यापर्यंत ओला. “मी चार गाणी म्हटली,” तो म्हणाला. “एक तर मिरजेच्या बँडचं म्हटलं, तोंडानं.”

मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. हुंदके देत देत ती शांत होत गेली. भिंतीपलीकडे सनई वाजत होती. मग मुलीच्या बापाचा हुंदका, तो परिमलनं दिला होता.

“मुलगी चालली हो माझी,” बाप म्हणाला.

“चालायचंच,” आत्या म्हणाली. थोडी धाप. “तुमची कुठे चालली ते तुम्हाला माहीत तरी आहे. माझ्या चपलेनं पत्ता नाही ठेवला.”

मग काही नाही.

सनई थांबली होती. तिथे संगीत थांबतं. मी मोजायला लागले. एक. दोन. बटणाचा टक टक आवाज नाही. तीन. चार. झुबेर माझ्यासमोर उकिडवा बसला होता, त्यानं बोटं एकमेकांत अडकवली. पाच. खालचं ड्रिलही नेमकं बंद होतं. सहा. रेवानं डोळे मिटले होते, मूठ माझ्या ओढणीवर. सात.

आठव्याला एक विचित्र आवाज आला. हवा गेलेल्या फुग्यातून येतो तसा, लांबलचक, मध्येच अडकणारा. आणि साबळेबाईंचा जड आवाज, “अरे देवा… गाल… गाल धरा कोणीतरी…”

त्यानंतर दुसरा आवाज. पुरुषाचा. आधी नाकातून, मग एकदम मोकळा, मोठा. तो परिमलचा नव्हता. परिमल हसला की मला कळतं.

झुबेरनं माझ्याकडे बघितलं आणि त्याचे दोन्ही हात हळूहळू वर गेले, विकेट पडल्यासारखे.

मी झोपलेल्या रेवाला खांद्यावर घेऊन परत गेले. साबळेबाईंनी कंट्रोलर मांडीवर टाकून दोन्ही हातांनी गाल धरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राजाध्यक्ष चष्मा काढून शर्टानं पुसत होते. परिमलनं आमच्या मशीनवरची नोंद लावली होती आणि तो तिच्याकडे एकटक बघत होता.

रेघ सपाट होती. चौदा सेकंद. त्या होस्टेलच्या मुलांपेक्षा तीन जास्त.

“ती मुलं पण…” परिमल म्हणाला आणि थांबला.

“हललं नाही म्हणजे संपलं, असं नसतं,” मी म्हटलं. माझ्या सासूबाईंचं वाक्य, त्यांना न विचारता वापरलं. “हसताना बोटं चालत नाहीत, परिमल. शेजारच्याला हाक मारून ‘हे बघ’ म्हणताना पण चालत नाहीत.”

राजाध्यक्षांनी चष्मा घातला. पुन्हा मुंबईचे झाले. “ठीक आहे. माझं चुकलं, मानतो. आत्या ठेवू. फक्त संवाद निम्मे करा.”

“नाही.”

“बरं, रॉकीला निदान भाचा म्हणून—”

“नाही.”

“शाल्मली, जरा ऐकून तर घे,” परिमल म्हणाला.

“आठ महिने ऐकायला नव्हते, तेव्हा बघितलं ना काय झालं ते. एक ओळ जाणार नाही, परिमल. मठ्ठ्यातलं मीठसुद्धा नाही. नसेल जमत तर आत्ता सांगा, मी आत्याला घेऊन जाते. तिला न्यायला पिशवी पण लागत नाही, माझ्या गळ्यातच आहे ती.”

हे सगळं मी रेवा उठू नये म्हणून अगदी हळू आवाजात बोलले होते. कदाचित म्हणूनच त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आता रेवा पहिलीत आहे, आणि हसवणाऱ्या गोष्टींचे गेम करणारी बाई म्हणून मला कुठे कुठे बोलवतात. विनोद कसा लिहिता, असं विचारतात. मी त्यांना तिसरंच काहीतरी सांगते. हळू आवाजात ‘नाही’ कसं म्हणायचं, ते कोणी विचारत नाही.

दारात अश्विनी आली. “साबळे मॅडम, चला. आजोबा उठले. भूल उतरेल तुमची.”

“उतरू दे,” साबळेबाई म्हणाल्या. त्यांनी कंट्रोलर पुन्हा उचलला होता. “बस सुटायला दहा मिनिटं राहिलीत इथे.”

“अहो मॅडम, डॉक्टर थांबलेत!”

बाई नाइलाजानं उठल्या. टोपी घातली, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मिळते का वो चप्पल?”

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

त्यांनी तो मान वाकडी करून वाचला. “पोलीस विचारतायत. सांगायला लागतं.”

मी ओठ घट्ट मिटून मान हलवली.

“असं का!” त्यांचा उजवा ओठ वर गेला, डावा जागच्या जागी. “दात काढून येते. कोणी हात लावायचा नाय माझ्या खेळाला.”

राजाध्यक्षांनी लॅपटॉप बॅगेत घातला. परिमल त्यांना दारापर्यंत सोडायला गेला, मागोमाग मी. माझ्या खांद्यावर रेवा निवांत पडली होती, हात लोंबते, अजिबात हलत नव्हती. खूप वेळ झाला होता. मी बोट लावून बघितलं नाही.

राजाध्यक्ष दाराबाहेर स्टुलावर बसले. एक बूट घातला. नाडी बांधली. दुसरा हातात घेतला आणि तसेच बसून राहिले, रॅकमधल्या आमच्या चपलांकडे बघत.

“ढिगातली ती दुसऱ्याची चप्पल घातली असती,” ते म्हणाले, “तर काय झालं असतं?”

मी आत, टेस्टच्या खोलीकडे बोट दाखवलं.

“मला तरी सांगा. मी बाजारात आणणारा माणूस आहे. शेवटी सापडते का?”

मी परिमलकडे बघितलं. परिमल जमिनीकडे बघत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. कागद त्यानंच लिहिला होता.

राजाध्यक्षांनी घड्याळ बघितलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी हातातला बूट रॅकमध्ये ठेवला, वाकून पायातल्या बुटाची नाडी सोडली, तोही काढून त्याच्या शेजारी ठेवला, आणि मोज्यांनी चालत टेस्टच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले.

“पोलिसांचा खेळ तसाच राहू दे,” ते झुबेरला म्हणाले. “मला पहिल्यापासून लावून द्या.”